शहरात ताशी 40 म्हटलं की एवढा राग का येतो?

13 नोव्हेंबर 2025 रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका कंटेनरने पुढच्या गाड्यांना चिरडत नेले, आग लागली आणि आठ जीव गेले. त्यानंतर त्या पट्ट्यातील वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटरपर्यंत खाली आणण्याचा निर्णय झाला. लगेच दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, बरं झालं, हे आधीच व्हायला हवं होतं. दुसरी म्हणाली, उतारावर ताबा सुटलेल्या अवजड गाडीला वेगाची पाटी काय अडवणार? रस्त्याचा उतार चुकलाय तो दुरुस्त करा, आमच्या मोटारसायकलीवर कशाला येता?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. नवले पुलावर यापूर्वीही, 20 नोव्हेंबर 2022 ला, एका ट्रकने अनेक गाड्या उडवल्या होत्या. तेव्हाही वेग, उतार आणि रस्त्याची रचना यावर भरपूर बोलून झाले होते. पण हा वाद पुण्याचा म्हणून आपण कोल्हापूरकरांनी सोडून द्यावा असा नाही. तोच राष्ट्रीय महामार्ग 48 साताऱ्यावरून, कराडवरून आपल्या दारात येतो. शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल, या सगळ्या ठिकाणी आपली माणसे रोज तो ओलांडतात. कामगार, कॉलेजची मुले, बाजारहाटाला निघालेल्या बाया, सगळेच. आणि महामार्गावरचा वेग महामार्गावरच थांबत नाही, तावडे हॉटेलजवळून तो थेट शहरात शिरतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण यात बहुतेकांचा गोंधळ आहे. 6 एप्रिल 2018 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतील रस्त्यांवर कारला कमाल ताशी 70, दुचाकीला 60 आणि रिक्षाला 50 किलोमीटर असा आकडा आहे. परत वाचा. शहराच्या आत, कारला 70! महाद्वार रोडवर किंवा लक्ष्मीपुरीत 70 ने कोणी कार चालवू शकत नाही हे खरे, गर्दीच चालवू देणार नाही. पण रात्री अकरा वाजता राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर, सायबर चौकाकडे किंवा कळंब्याच्या रस्त्यावर हा आकडा गाठणारे रोज दिसतात.

हा केंद्राचा आकडा म्हणजे वरची छत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप पाहून, त्या त्या भागात यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकतो. अट एवढीच की अधिसूचना काढायची आणि पाट्या लावायच्या. दिल्ली वाहतूक पोलिसांनी जून 2021 मध्ये हेच केले. वस्त्या, बाजारपेठा आणि सेवा रस्त्यांवर त्यांनी ताशी 30 ठरवून टाकले. म्हणजे कायदा बदलायची गरज नाही, दिल्लीला जायची गरज नाही. जिल्ह्यात बसूनच हे होऊ शकते.

आता एक नियम सांगतो, जो आपल्या घराघरात लागू आहे आणि ज्याची खबर जवळजवळ कोणाला नाही. चार वर्षांखालील मूल मागे बसवून मोटारसायकल चालवत असाल तर वेग ताशी 40 च्या वर जाता कामा नये. मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टाही लागतो. फेब्रुवारी 2022 मध्ये अधिसूचना निघाली आणि 15 फेब्रुवारी 2023 पासून हा नियम लागू आहे. माझ्या ओळखीच्या पालकांत मी याबद्दल विचारले. बहुतेकांनी "सर, मजाक करताय काय" या नजरेने पाहिले. आपल्याकडे तर लहानग्याला पुढे टाकीवर बसवायचे, मधे दुसरा, मागे अम्मी बुरख्याचा पदर सावरत, तिच्या मांडीवर तिसरा. ईदच्या दिवशी हे दृश्य बिंदू चौकात दर मिनिटाला दिसते. ज्या माणसाला शहरात ताशी 40 ची मर्यादा म्हणजे जुलूम वाटतो, त्याच्या गाडीवर तान्हे मूल असेल तर ती मर्यादा आजही त्याला लागूच आहे.

सातवीच्या वर्गाला मी अंतर, काळ आणि वेग शिकवताना हे गणित घालतो. ताशी 60 म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर, ताशी 40 म्हणजे 11 मीटर. समोर अचानक मूल आले तर डोळ्याने पाहून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक. 40 वाली कार साधारण 20 मीटरमध्ये थांबते. 60 वालीला 36 मीटर लागतात. इथपर्यंत मुलांना पटकन कळते. मग मी विचारतो, की 20 मीटरवर मूल उभे आहे, 40 वाली त्याच्या अलीकडे थांबली, तर त्याच जागी 60 वालीचा वेग किती असेल? वर्ग म्हणतो 20. साठातून चाळीस वजा. खरे उत्तर ताशी 50 च्या वर आहे, कारण पहिले 17 मीटर तर ब्रेक लागण्याआधीच गेले. हे उत्तर फळ्यावर येते तेव्हा मागच्या बाकावरचा आवाज बंद होतो. बरेच मोठे लोकही 20 च म्हणतात, करून बघा.

जागतिक आरोग्य संघटना गेली अनेक वर्षे सांगते आहे की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. तिची शिफारस आहे की शहरात कमाल 50, आणि जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र मिसळतात तिथे 30. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेतही हेच ठरले. स्पेनने मे 2021 मध्ये, प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या शहरी रस्त्यांवर 30 केले. पॅरिसने त्याच वर्षी ऑगस्टअखेर बहुतेक रस्त्यांवर केले.

पण सगळ्यात जोरदार भांडण झाले वेल्समध्ये. 17 सप्टेंबर 2023 पासून तिथे वस्तीतील रस्त्यांवर ताशी 30 मैलाऐवजी 20 मैल, म्हणजे आपले 32 किलोमीटर, अशी सरसकट मर्यादा आली. एकतीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशात, निर्णय मागे घ्या म्हणून साडेचार लाखांवर सह्या झाल्या. लोकांचा मुद्दा होता की आम्हाला विचारले नाही, आमचा कामाचा वेळ जातो, सरकार फक्त दंड गोळा करणार. पुढे सरकारने काही मुख्य रस्त्यांवर पुन्हा 30 मैल करायला स्थानिक संस्थांना मुभा दिली. दुसरीकडे पहिल्या वर्षाची आकडेवारी आली तेव्हा त्या रस्त्यांवरील जखमी आणि मृतांची संख्या बरीच घटलेली दिसली. मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. निर्णय बरोबर असूनही तो वरून आदळला तर लोक बिथरतात.

आणि बिथरायच्या बाबतीत कोल्हापूर कोणाला ऐकणार? आयआरबीच्या टोलचा इतिहास आठवा. सुमारे 220 कोटींचा प्रकल्प, जवळपास 50 किलोमीटरचे रस्ते, 2013 मध्ये टोलवसुली सुरू झाली आणि गाव पेटून उठला. हिंदू, मुस्लिम, जैन, व्यापारी, रिक्षावाले, पैलवान, सगळे एका मोर्चात. 2015 च्या अखेरीस टोल रद्द करावाच लागला. तो लढा योग्य होता. पण त्या सगळ्या काळात वाद झाला तो पैशाचा आणि कामाच्या दर्जाचा. रस्ता रुंद आणि सरळ झाला की त्यावर गाड्या किती वेगाने जातील, आणि पलीकडच्या शाळेत, मशिदीत, मंडईत पायी जाणारा कसा ओलांडेल, याची चर्चा आपल्याकडे झालीच नाही. फुटपाथ आहेत तिथे टपऱ्या आणि पार्किंग, झेब्रा पट्टे पुसून गेलेले. रस्त्याची रचनाच चालकाला म्हणते, पळव.

जून 2024 मध्ये सायबर चौकात काय झाले ते सीसीटीव्हीमुळे साऱ्या देशाने पाहिले. भर दुपारी एक कार भरधाव चौकात घुसली आणि दुचाक्या उडवत गेली. कार चालवणारे ज्येष्ठ गृहस्थही त्यात गेले. तिथे कोणी रेस लावली नव्हती, कोणी दारू पिऊन धिंगाणा घातला नव्हता. आपण वेग म्हटले की लगेच कॉलेजची पोरे, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर आणि पुण्याचे पोर्श प्रकरण डोळ्यासमोर आणतो. तीही खरीच. पण माणूस म्हातारा होतो, चक्कर येते, पाय चुकून ॲक्सिलेटरवर पडतो, ब्रेक दगा देतो. अशा वेळी गाडी मुळात किती वेगात होती यावर किती जनाजे उठणार ते ठरते.

इथे आकडेवारीबद्दल थोडे थांबतो. केंद्राच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, महाराष्ट्रात 15,224. देशातील मृत्यूंपैकी 71 टक्के अतिवेगामुळे, असे तो अहवाल सांगतो. हा आकडा सगळीकडे फेकला जातो, पण मला तो तसाच्या तसा गिळवत नाही. आपल्याकडच्या बहुतेक अपघातांत वेग कोणी मोजलेलाच नसतो. फिर्यादीत "हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात" ही ओळ ठरलेली असते, खड्डा चुकवताना गेला तरी तीच. त्यामुळे खड्डा, बंद पडलेला दिवा, न लावलेली पाटी हे सगळे "अतिवेग" या एका रकान्यात गडप होते आणि महापालिका, बांधकाम खाते, ठेकेदार सुटतात. त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र संशय घेण्यासारखा नाही, कारण मृतदेह मोजता येतात. मेलेल्यांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे आणि 19 टक्क्यांच्या वर पायी चालणारे. म्हणजे कारवाला मरत नाही असे नाही, पण मरणारा बहुतेक आपल्यासारखाच असतो.

मग वेगमर्यादा कमी करा म्हटल्यावर आपल्याच मोहल्ल्यातून विरोध का येतो? कारण चलन. सदर बाजार, यादवनगर, जवाहरनगर, शहराच्या अशा वस्त्यांत रिक्षा, टेम्पो, ट्रक, गॅरेज आणि आता डिलिव्हरी यावर चूल पेटणारी कितीतरी घरे आहेत. डिलिव्हरीच्या पोराला ॲपवर मिनिटे दिसत असतात. उशीर झाला तर गिऱ्हाईक ओरडते, रेटिंग जाते. अतिवेगाचा दंड कायद्यात हलक्या गाडीला 1000 ते 2000 आणि मध्यम व अवजड गाडीला 2000 ते 4000 रुपये आहे. टेम्पोवाल्याची दिवसभराची कमाई त्यात जाते. जुलै 2025 मध्ये राज्यातील वाहतूकदार ई-चलनाच्या विरोधात संपावर गेले होते, ते उगीच नाही.

दुसरी भीती लोक मोठ्याने बोलत नाहीत, पण आहे. नाकाबंदीत कोणाची गाडी बाजूला घ्यायची हे शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर ठरते, आणि ती नजर दाढी-टोपीवर किती वेळ टिकते याचा अनुभव आपल्या पोरांना आहे. 2023 च्या जूनमधल्या त्या दिवसांनंतर तर ही धास्ती वाढली आहे. नवा नियम म्हणजे थांबवायचे नवे निमित्त, असे त्यांना वाटते.

याचे उत्तर कायद्यातच आहे आणि ते प्रत्येक चालकाला पाठ असायला हवे. कलम 183 मध्ये स्पष्ट आहे की केवळ एका साक्षीदाराचे मत, की गाडी वेगात होती, एवढ्यावर अतिवेगाची शिक्षा होऊ शकत नाही. ते मत यंत्राने केलेल्या मोजणीवर आधारलेले असले पाहिजे. म्हणजे "लई जोरात आलास" एवढे पुरत नाही. यंत्राने दाखवलेला आकडा मागण्याचा हक्क आहे, आणि तो शांतपणे, साहेब म्हणून, मागावा. मी तर उलट म्हणेन की कॅमेरा आपल्या फायद्याचा आहे. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, नाव वाचत नाही. आमदाराच्या गाडीचा आणि चिकनच्या टेम्पोचा आकडा तो सारखाच लिहितो. म्हणून मागणी अशी हवी की कमी वेगमर्यादा द्या, पण ती यंत्राने लावा, आधी पाट्या लावा, पहिले दोन-तीन महिने नुसती ताकीद द्या.

वेळेचा हिशेबही एकदा मांडून टाकू. शहरात सहा किलोमीटर जायचे आहे. न थांबता 60 ने गेलात तर सहा मिनिटे, 40 ने नऊ. फरक तीन मिनिटांचा, आणि तोही दसरा चौक, दाभोळकर कॉर्नर, कावळा नाका यांपैकी एकही सिग्नल लागला नाही तरच. प्रत्यक्षात 60 वाला पुढच्या सिग्नलला उभा असतो आणि 40 वाला हळूच त्याच्या शेजारी येऊन थांबतो. डिलिव्हरीच्या मुलांनी हे आपल्या कंपन्यांना दाखवून दिले पाहिजे, पण एकट्याने नाही, संघटना करून.

रमजानमध्ये मगरिबच्या आधीची पंधरा मिनिटे शहरात कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभराची भूक-तहान, रक्तातील साखर उतरलेली, डोके जड, हातात फळांची पिशवी, आणि इफ्तार घरीच करायची ही जिद्द. रस्त्याच्या कडेला खजूर आणि पाणी देणारी मंडळे उभी असतात, तरी गाडी थांबवायला मन होत नाही. रोजा खोलायला पाच मिनिटे उशीर झाला तर काय बिघडते, हे आपले उलेमा दरवर्षी सांगतात. शब-ए-बरातच्या आणि शब-ए-कद्रच्या रात्री इबादत सोडून बाईक घेऊन फिरणाऱ्या पोरांबद्दल तर जुम्म्याच्या बयानात किती वेळा बोलून झाले. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा सदका आहे, ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1993 मध्ये ब्रुनेईच्या बैठकीत ठराव केला की जे वाहतुकीचे नियम शरीयतच्या विरोधात नाहीत ते पाळणे शरीयतच्याच दृष्टीने बंधनकारक आहे. म्हणजे सिग्नल तोडणे हा नुसता आरटीओचा मामला राहात नाही. हे मिंबरवरून सांगितले गेले तर पोलिसांच्या पंधरा पथनाट्यांपेक्षा जास्त ऐकले जाईल, असे मला वाटते.

अल्पवयीन मुलांचा विषय थोडक्यात. सोळा वर्षांच्या मुलाला गाडी दिली आणि अपघात झाला तर कलम 199 अ प्रमाणे बापाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षे वयापर्यंत लायसन्स नाही. मुलगी सासरी गेली आणि मुलगा दूध आणायला जातो म्हणून गाडी देणारे पालक मला रोज भेटतात.

आपल्याकडे वेगावर लोकांचा आवडता इलाज म्हणजे स्पीडब्रेकर. अपघात झाला की रात्रीतून डांबराचा उंचवटा उभा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलसर असावा, म्हणजे ताशी 25 ने सुखाने जाता येते. आपल्या गल्लीतले बहुतेक उंचवटे म्हणजे अर्ध्या मीटरात उभी भिंत. त्यावर पट्टे नाहीत, आधी पाटी नाही, रात्री दिसत नाहीत. गरोदर बाईला रिक्षातून सीपीआरला नेताना हे उंचवटे काय करतात ते तिच्या सासूला विचारा.

पाच वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. मते मागायला आलेल्यांनी गटारी आणि पाणी यावर भरपूर आश्वासने दिली. आता त्यांच्याकडे नेमकी मागणी घेऊन जायला हरकत नाही. प्रत्येक शाळेच्या दोन्ही बाजूंना, मशीद, मंदिर आणि दवाखान्यासमोर, दाट वस्तीतील रस्त्यांवर ताशी 30. शहरातील बाकी मुख्य रस्त्यांवर 40, फार तर 50. मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर, पांढरे पट्टे, पाट्या मराठीत. प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी अर्ज, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे रस्ता सुरक्षा समितीसाठी, एक शहर वाहतूक शाखेला, पोचपावती घेऊन. शाळांच्या व्यवस्थापन समित्या, जमातीचे विश्वस्त आणि शेजारची तालीम मंडळे यांनी एकाच कागदावर सह्या केल्या तर तो कागद लवकर हलतो.

अपघात झालाच तर दोन गोष्टी घरात लिहून ठेवा. मे 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात, त्यामुळे योजनेतील दवाखान्याच्या दारात दागिने गहाण टाकायची घाई करू नका, आधी या योजनेबद्दल विचारा. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. त्या न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून आपल्याच शहरात आहे, मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. अशा प्रकरणात पंचनाम्यात खड्ड्याची नोंद झाली आहे का ते तिथल्या तिथे पाहा, मोबाईलवर जागेचा फोटो घ्या, आणि "भरधाव वेगात" या ठरलेल्या ओळीखाली वाचल्याशिवाय सही करू नका.